उंची आणि रक्तातली चरबी

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की सुमारे १,३५० मीटरवर महाबळेश्वर लागतं. पण वैद्यकशास्त्राच्या लेखी अतिउंची सुरू होते ती साधारण २,५०० मीटरच्या पुढे. आपले जवान तैनात असतात ते लडाखमधलं लेह ३,५०० मीटरवर आहे. म्हणून हा विषय महाड तालुक्यातल्या फौजी आंबवडे गावासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणाऱ्या घरांच्या जिव्हाळ्याचा. एवढ्या उंचीवरची हवा विरळ. प्राणवायू कमी पडला की रक्तातली चरबी फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर मंदावतं, असं प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली चरबी वाढू शकते.

कुणी म्हणेल, डोंगरातली माणसं तर काटक असतात. खरं आहे, उंचावरच्या काही समूहांत चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, जास्त आढळलं आहे. पण सगळीकडे नाही. शिवाय आहार, चढउतारांचे कष्ट, थंडी आणि घटलेलं वजन यांचाही परिणाम त्यात मिसळलेला असतो. म्हणून श्रेय किंवा दोष एकट्या उंचीला देता येत नाही. धडधाकट जवानानंही डोंगराच्या भरवशावर न राहता रक्ततपासणी करावी. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड्स दर डेसिलिटरला १५० मिलिग्रॅमच्या आत असावेत, आणि हा नियम घाटाखालच्या आपल्यालाही तितकाच लागू आहे.