कीटकांचे छायाचित्रण आणि पुण्याचे ऋतू



आजच्या विषयाचे नाव वाचून कोणाची अशी समजूत झाली असेल की, येथे भारी किमतीच्या भिंगांची माहिती मिळणार, तर त्याची थोडी निराशा होईल. भिंगांविषयी बोलणे भागच आहे, पण ते थोडक्यात आटोपणार आहे. माझे मुख्य म्हणणे असे की, किड्याच्या जवळ जाण्याची वाट पंचांगातून जाते. कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर, दिवसाच्या कोणत्या प्रहरी कोण येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला साध्या कॅमेऱ्यावरही चित्र मिळते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याच्या पदरी माशी उडून गेल्यावरचे रिकामे फूल पडते.

प्रथम अडचण कोठे आहे ती पाहू. आपली सातेरी मधमाशी लांबीला सुमारे एक सेंटिमीटर. मॅक्रो छायाचित्रणात तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आत तितकीच, म्हणजे एक सेंटिमीटर लांबीची पाडायची असते. ज्या पृष्ठावर ती पडते ते ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असते. इतक्या जवळून पाहताना भिंगाचे छिद्र ११ या आकड्यापर्यंत बारीक केले, तरी स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी भरते जेमतेम सव्वा मिलिमीटर. माशीचा डोळा स्पष्ट यावा तर मागचा पाय धुक्यात जातो. छिद्र आणखी बारीक करावे तर प्रकाश कमी पडतो, आणि फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे सगळेच चित्र किंचित मऊ होते. त्यातून माशीचे पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र टिपले, तरी तेवढ्यात पंखाचा पाचवा हिस्सा फेरा होऊन गेलेला असतो! पंख थांबलेले दिसायला हवे असतील तर फ्लॅशचा क्षणार्धाचा लखलखाट लागतो, आणि तो बोचरा होऊ नये म्हणून फ्लॅशपुढे ट्रेसिंग कागदाचा तुकडा धरावा लागतो. खर्चाचे म्हणाल, तर पन्नास मिलिमीटरचे जुने भिंग उलटे बसवूनही काम भागते. असो. यंत्राचे पुराण येथेच संपवतो.

सध्या वैशाख चालू आहे. कडुनिंब आणि करंज यांचा बहर ओसरत आला की मधमाश्यांची ओढ पाण्याकडे वळते. पोळ्यात उकाडा वाढला म्हणजे त्या पाणी आणून आत पसरतात आणि पंखांनी वारा घालून ते उडवतात; आपल्या वाळ्याच्या पडद्याचे तत्त्व तेच. म्हणून या दिवसांत फुलामागे धावू नये. गच्चीवर मातीच्या परळात पाणी ठेवावे, त्यात चारदोन खडे टाकावेत, आणि शेजारी पाटावर बसावे. फुलावर दोन सेकंद न थांबणारी माशी पाणी पिताना अर्धा मिनिट तरी थांबते. माशीच्या बाजूला समांतर असा कॅमेरा धरला, तर तो सव्वा मिलिमीटरचा थर तिच्या सबंध अंगावरून जातो.

पुण्यात मधमाश्या चार प्रकारच्या दिसतात. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत नांदते. आग्या उंच फांदीला किंवा इमारतीच्या छज्जाखाली एकच प्रचंड पोळे लटकवते. फुलोरीचे पोळे तळहाताएवढे, झुडपाच्या फांदीला धरून असते. पोयाची माशी अगदी बारकी. तिला नांगी चालवता येत नाही, आणि ती जुन्या भिंतीच्या भेगेत राहून दाराशी मेणाची नळी उभारते. या प्राण्याचा अभ्यास आपल्या गावाला परका नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ साली येथेच स्थापन झाली. मात्र आग्या मोहोळाजवळ छायाचित्रकाराने कदापि जाऊ नये. शत्रू जवळ आला म्हणजे त्या माश्या क्रमाने पोटे उचलतात, आणि सबंध पोळ्यावर लाटेमागून लाट गेल्यासारखी दिसते. ती मौज दूरच्या भिंगातूनच पाहावी.

फुलोरीविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगतो. एका गृहसंस्थेच्या आवारात मेंदीच्या कुंपणावर तिचे पोळे लागले. विषारी गांधीलमाश्या आल्या, अशी बोलवा झाली आणि फवारणीसाठी माणूस बोलावण्याचे ठरले. त्या सभेत एका बिऱ्हाडकरूने चार छायाचित्रे मोठी करून भिंतीवर टाकली. पहिल्यात माशीच्या पोटाचा तांबूस पुढचा भाग व त्यामागचे काळेपांढरे पट्टे होते. दुसऱ्यात मागच्या पायावर परागांची पिवळी गोळी होती, आणि गांधीलमाशी अशी गोळी कधी वाहत नाही. तिसऱ्यात फांदीवर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना दिलेले चिकट राळेचे कडे होते. मुंग्यांनी पोळ्यावर चढू नये म्हणून ही व्यवस्था केलेली असते. चौथ्यात पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचणारी माशी होती. कार्ल फॉन फ्रिश यांना ज्या नृत्यभाषेच्या शोधासह १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे नृत्य. सातेरी उभ्या पोळ्यावर अंधारात नाचते. फुलोरी उघड्यावर, आडव्या माथ्यावर नाचते आणि सरळ फुलांच्या दिशेनेच तोंड करते. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर हे पाहण्यासाठी मुद्दाम सिलोनला गेले होते. आमच्या त्या मंडळींना ते कुंपणावरच पाहायला मिळाले. फवारणी रहित झाली. पुढे ऋतू पालटला तशी माश्यांनी ती जागा आपण होऊन सोडली.

मृगाचा पाऊस पडला की मातीत मखमली लाल मृगाचा किडा दिसू लागतो. संस्कृतात त्यालाच इंद्रगोप म्हटले आहे. त्याचे चित्र मोठे करून पाय मोजावेत. आठ भरतात! म्हणजे किडा म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, तो कोळ्याच्या गोत्रातला निघतो. पावसाळ्यात मधमाश्यांचे उपासाचे दिवस असतात, तेव्हा त्यांच्या चित्रांचा हट्ट सोडावा आणि कढीलिंबाची पाने उलटून पाहावीत. लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर तीच हिरवी होऊन पानात मिसळून जाते.

आश्विन-कार्तिक हा मात्र खरा सुगीचा काळ. झेंडू, तीळ, कारळे फुललेले असतात, आणि चतुरांचे थवे आकाशात दिसतात. यांतील एक जात हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जाते असे आता मानले जाते. झेंडूवर मधमाशीचे सोंग घेतलेली एक माशी हमखास येते. तिचे पंख दोनच, मिशा आखूड. मधमाशीला पंख चार. याच सुमारास टोमॅटोच्या फुलावर निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी येते. फूल घट्ट धरून ती अंगाला असा कंप देते की पराग धुरळ्यासारखे बाहेर पडतात. मधमाशीला ही युक्ती साधत नाही. तो परागांचा धुरळा चित्रात धरायचा, तर सकाळच्या तिरप्या उन्हाकडे तोंड करून बसावे लागते.

पौषातल्या पहाटे पुण्याचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. याच निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर त्या वेळी गवताच्या काडीला जबड्याने धरून झोपलेले असतात, कधी एका काडीवर चारपाच. अंगावर दव असते. ऊन चढेपर्यंत ते हलत नाहीत. तेव्हा घोडीवर कॅमेरा लावून, भिंग केसाकेसाने पुढे सरकवत वीस-पंचवीस चित्रे घ्यावीत. ती संगणकावर जोडली म्हणजे डोळ्यापासून नांगीच्या जागेपर्यंत सारे स्पष्ट येते. काही लोक हीच सोय किड्याला शीतकपाटात कोंडून करून घेतात. मला हे मुळीच मान्य नाही. एक तर तो जीव त्यात दगावू शकतो. शिवाय ते चित्र खोटे असते. ती माशी त्या वेळी, त्या फुलावर, त्या अवस्थेत नव्हती; तिला आणून ठेवलेली असते. अशा चित्राखाली तारीख कोणती लिहिणार?

चित्राखाली तारीख, जागा आणि झाडाचे नाव लिहावे, एवढा माझा आग्रह आहे. एकाच आवारातील कडुनिंबाची दहा वर्षांची चित्रे कोणी अशी जपून ठेवली, तर बहर कधी आला, कोणत्या माश्या आल्या आणि कोणत्या येईनाशा झाल्या, हे त्यावरून दाखवता येईल. गावातील बागा आणि वाडे ज्या वेगाने जात आहेत, ते पाहता हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. हे काम संशोधकांना एकट्याने उरकणारे नव्हे. गच्ची, कुंपण आणि कुंडी असलेल्या माणसांचेच ते आहे.

आता कोणी दिवे मालवले तर चित्रे पाहू. पहिले चित्र परळातील पाण्याचे आहे. खड्यावर बसलेल्या सातेरीची जीभ पाण्याला जेथे लागली आहे, तेथे पाण्याला पडलेली खळी पाहा.