वाटमारी आणि चालकाचा विवेक

घाटवाटेवर दबा धरून बसावे आणि एकट्यादुकट्या प्रवाशास गाठून लुबाडावे, ही वाटमारीची रीत पुरातन आहे. मोटारींच्या युगात तिने निराळे रूप धारण केले. उभी असलेली मोटार कुलूप मोडून पळविणे, हा चोरीचा जुना प्रकार. परंतु किल्लीवाचून यंत्र सुरूच होऊ नये अशी योजना मोटारींत होऊ लागली, तेव्हा चोरांची दृष्टी किल्ली बाळगणाऱ्या चालकाकडे वळली. शस्त्राचा धाक दाखवून चालकास उतरवावयाचे व मोटार घेऊन पसार व्हावयाचे, या कृत्यास अमेरिकेतील डेट्रॉइट शहरच्या एका वृत्तपत्राने १९९१ साली ‘कारजॅकिंग’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्या देशात त्याविरुद्ध केंद्रीय कायदा झाला.

दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गच्या परिसरात तर हे संकट नित्याचे आहे. धोक्याच्या जागी तशा सूचनेच्या पाट्याच रस्त्यावर लावलेल्या आढळतात. भारतही यापासून मुक्त नाही. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात दिल्लीच्या महिपालपूर भागात टॅक्सी पळविणाऱ्यांनी तिच्या चालकास रस्त्यावरून फरफटत नेले व त्यात तो प्राणास मुकला.

अशा प्रसंगी झुंज द्यावी, की मोटार सोडून द्यावी? टॅक्सी हेच ज्याच्या पोटापाण्याचे साधन, त्याला हा प्रश्न सोपा नाही. ती सोडून देणे अनेकांस भ्याडपणाचेही वाटेल. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. परंतु हक्क असणे निराळे आणि तो त्या क्षणी बजावणे शहाणपणाचे ठरणे निराळे. शस्त्रधारी लुटारू स्वतः घाईत व भीतीत असतो. चालकाचा हात एकाएकी खिशाकडे गेला, तर तो शस्त्र काढीत आहे असा त्याचा समज होतो आणि अनर्थ ओढवतो.

म्हणून जाणकारांचा सल्ला असा की, हात दिसतील असे ठेवावे. पट्टा सोडावयाचा असल्यास तसे आधी सांगून सावकाश सोडावा. किल्ली तेथेच राहू द्यावी आणि मोटारीपासून दूर व्हावे. विमा उतरविलेला असल्यास मोटारीची भरपाई होऊ शकते. गेलेल्या प्राणाची होत नाही.

तथापि हा त्याग मोटारीपुरताच होय. मागील आसनावर बालक असेल, तर ‘आत मूल आहे, त्याला घेऊ द्या’ हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. बालकाची जागा चालकाच्या पाठीमागेच ठेवलेली असली, तर मोटारीला वळसा न घालता त्याला चटकन बाहेर काढता येते. आणि लुटारू चालकासच बरोबर नेऊ पाहतील, तर प्रश्न वस्तूचा राहत नाही. निर्जन स्थळी नेले जाण्यापूर्वी, जेथे माणसांचा वावर आहे तेथेच निसटण्याची संधी शोधणे अधिक हिताचे ठरते.

प्रसंग टाळण्याचे उपायही साधे आहेत. दारे आतून बंद असावीत. चौकात थांबताना पुढील वाहनाची चाके जमिनीला टेकलेली दिसतील इतके अंतर राखावे, म्हणजे बाजूने निघण्यास वाव राहतो. घराच्या फाटकाशी थांबण्यापूर्वी कोणी पाठलाग करीत नाही ना, हे पाहावे. शंका आल्यास घरी न वळता वर्दळीच्या ठिकाणी अथवा पोलीस ठाण्याकडे जावे. मोटार गेलीच, तर सुरक्षित जागी पोहोचताच ११२ या क्रमांकावर कळवावे.

संकटाच्या त्या काही क्षणांत विचार करण्यास उसंत नसते. यासाठी मोटार चालविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने घरी, निवांतपणी, एकत्र बसून काय सोडावयाचे व काय सोडावयाचे नाही हे ठरवून ठेवावे. मुलांनाही ते समजावून सांगावे. शिर सलामत तो पगड्या पचास, ही म्हण आपल्या पूर्वजांनी भित्र्यांसाठी केलेली नाही.