धुराच्या नळीतलं प्लॅटिनम

पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत, इंजिनाच्या अंगाला, एक पत्र्याचा डबा असतो. हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कापून पाहिला तर आत मधमाशांच्या पोळ्यासारखी, बारीक आरपार भोकांची सिरॅमिकची वीट दिसते. पण खरी करामत तिच्या भिंतींवरच्या ॲल्युमिनाच्या लेपाची. हा लेप इतका सच्छिद्र, की एका ग्रॅममागे शंभरेक चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो! त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचे काही नॅनोमीटरचे कण बसवलेले असतात. धातू मोजून काही ग्रॅम, नाहीतर परवडला कुणाला असता? त्यावरून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन. धातू जागच्या जागीच.

प्रचंड उष्णतेत मात्र हे कण हळूहळू सरकतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात. म्हणून जुना कन्व्हर्टर मंदावतो. शिसं तर त्याचा वैरीच, धातूवर ठाण मांडून बसतं. त्यामुळे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा पंपांवर शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं.