बचत गटाची सहल, गटानंच आखलेली

आज आम्ही कर्जाबद्दल बोलणार नाही, की शिलाई मशीनबद्दल नाही. आज बोलायचं आहे फिरण्याबद्दल.

पाठीवर एक पिशवी टाकून, मिळेल त्या बसनं देश पाहणारी पोरं-पोरी जगभर असतात. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा देश आहे. आपल्या विदर्भाच्या साधारण निम्म्या आकाराचा. तिथं १९४८ साली सैन्यच बंद करून टाकलं. तिथं जाणारेही आधी एवढंच ठरवतात: किती दिवस, किती पैसे, कोणती बस, रात्री मुक्काम कुठं. आपल्याला काही तेवढं लांब जायचं नाही. पण ठरवायच्या गोष्टी त्याच आहेत. आणि त्या आपण ठरवायच्या, ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे. लग्नाला, माहेरी, दवाखान्यात आपण जातोच. पण तिथं कधी जायचं आणि कधी परतायचं, हे बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी सांगतं.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. पहिला प्रश्न पैशाचा. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. सहलीची वही वेगळी, डबा वेगळा. आठवड्याला २० रुपये. चाळीस आठवड्यांत एकीचे ८०० झाले, बारा जणींचे ९,६००. यात दोघींचे हप्ते मागं पडले. एकीकडं दुखणं आलं, दुसरीची मजुरी तुटली. त्यांना सोडून जायचं का, यावर बरीच चर्चा झाली. "आमच्यापायी तुम्ही कायले थांबता?" असं त्या म्हणाल्या. शेवटी ठरलं की त्यांचा कमी पडलेला पैसा सगळ्यांच्या डब्यातून भरायचा, तो वहीत उसना म्हणून लिहायचा, आणि पुढच्या हंगामात त्यांनी तो फेडायचा. दया नाही, व्यवहार. त्यामुळं त्याही खिडकीशी हक्कानं बसल्या.

दुसरा प्रश्न तिकिटाचा. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत एसटीच्या तिकिटात बायकांना ५० टक्के सवलत आहे. शंभराचं तिकीट पन्नासात. पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे, म्हणून गटातल्या म्हाताऱ्या मावशीला घरी ठेवू नका. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड मात्र जवळ असू द्या. एक लक्षात ठेवा, ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. पांढरकवड्याच्या, वणीच्या बाजूच्या मैत्रिणी आदिलाबादकडे निघाल्या, तर पुढचं भाडं पूर्ण धरूनच हिशेब करा.

तिसरा प्रश्न दिवसांचा. कापसाची वेचणी चालू असताना कोणीच निघू शकत नाही. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन माणसाला बाहेर पडू देत नाही. आम्ही संक्रांतीनंतरचे दिवस धरले. तूर निघालेली, हरभरा अजून उभा. मजुरीवर जाणाऱ्या बाईचे दोन दिवस बुडतात, तेही खर्चातच मोजा. म्हणून दोन दिवस आणि एक रात्र, याहून जास्त नको.

आता मार्ग. सकाळच्या पहिल्या बसनं यवतमाळहून कळंब. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या बाईचा हात धरायला सोबत कोण, ते आधीच ठरवा. तिथून वर्धा, आणि वर्ध्याहून आठ-नऊ किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली इथं राहायला आले. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापू कुटी माती, बांबू आणि कौलांची आहे. आपल्या घरांसारखीच, म्हणून आम्ही जास्त वेळ तिच्याकडेच पाहत राहिलो. आश्रमाजवळ यात्री निवास आहे. मुक्कामाची जागा मात्र आधी फोन करून पक्की करा. किती जणी, पोचणार कधी, जेवण हवं का, हे तिन्ही विचारा. बारा बायांनी रात्री आयत्या वेळी जागा शोधणं बरं नाही.

दुसऱ्या दिवशी पवनार. धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे. तिथलं ब्रह्मविद्या मंदिर १९५९ साली विनोबांनी बहिणींसाठी सुरू केलं. तिथं वरून हुकूम देणारं कोणी नाही, सगळ्यांचं एकमत झालं की निर्णय होतो. गटाच्या बैठकीत हात वर करून मत मोजणाऱ्या आम्हाला यावर विचार करावा लागला. उसन्या पैशाचं आमचं जे ठरलं, तेही मतं मोजून नाही, सगळ्यांना पटेपर्यंत बोलूनच ठरलं होतं. परत येताना वर्ध्यात लक्ष्मीनारायण मंदिर पाहा. जमनालाल बजाजांनी १९२८ साली ते दलितांसाठी खुलं केलं. आपल्या गावात कोणाला कुठवर येऊ देतो, हा प्रश्न तिथं आपोआप मनात येतो.

पिशवी एकच घ्या, स्वतःच्या खांद्यावर पेलेल अशी. एक लुगडं किंवा साडी जास्तीची, चादर, पाण्याची बाटली, रोजच्या गोळ्या, भाकरी-ठेचा, चिवडा. पैसे दोघींकडे वाटून ठेवा, हिशेब तिसरीकडे. घरी कागदावर लिहून ठेवा: कुठं, कधी, कोणाचा फोन. अडचण आलीच तर ११२ हा नंबर सगळ्यांना पाठ हवा. शेवटची बस नेमून ठेवा, पण निघा तिच्या आधीच्या बसनं. एक चुकली तर दुसरी हाताशी राहते.

राहिला घरचा प्रश्न. "एकट्या बाया कुठं चालल्या?" असं विचारलं जाईलच. बारा जणी असतानाही आपल्याला एकट्याच म्हणतात. भांडू नका. वही समोर ठेवा. तारीख, बस, मुक्काम, खर्च, सगळं लिहिलेलं दिसलं की बोलणं बदलतं. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी वही वाचून घेतली आणि विचारलं, "पुढच्या वेळी माझं नाव घालता का?"

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक नवी वही काढा. पहिल्या पानावर ठिकाण लिहा. माहूर असो, सेवाग्राम असो, की जवळची वणी. ठिकाणाखाली पहिल्या २० रुपयांची नोंद करा.