पॅच्ड : ‘थांब’ म्हणणारं जनुक
(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान)



आज मी उंदरावर बोलणार आहे. बाप्पासमोर त्याच्याच वाहनाबद्दल बोलायची संधी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेली बाई कशी सोडेल? पण कारण गमतीचं नाही. तीन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी रिपोर्ट घेऊन घरी आला. त्याच्या अडीच वर्षांच्या मुलीच्या लहान मेंदूत गाठ निघाली होती. ऑपरेशन होऊन ती काढली होती आणि तपासणीच्या कागदावर एका जनुकाचं नाव होतं, पॅच्ड. ‘‘मॅडम, हे तुम्ही आम्हाला शिकवलं होतं ना?’’ त्याने विचारलं. शिकवलं होतं. चार मार्कांची टीप होती ती. त्या दिवशी त्याला जे घाईघाईत सांगितलं, ते आज सावकाश सांगते.

गोष्ट सुरू होते फळमाशीपासून, केळ्यांवर घोंगावते तीच. जर्मनीत हायडलबर्गला क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस या दोघांनी माशीची हजारो बिघडलेली वाणं तपासली, आणि कोणतं जनुक मोडलं की अळीचं शरीर कुठे चुकतं ते 1980 साली मांडलं. एका वाणातली अळी अंगभर काट्यांची होती, म्हणून त्या जनुकाला त्यांनी ‘हेजहॉग’ हे काटेरी प्राण्याचं नाव दिलं. दुसरं एक होतं ‘पॅच्ड’. या कामाला 1995 चं नोबेल मिळालं. पुढे सस्तन प्राण्यांत तीन हेजहॉग जनुकं सापडली. त्यांतल्या एकाला व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ‘सॉनिक हेजहॉग’ म्हणतात. आजारी मुलाच्या आईबापांसमोर हे नाव कसं उच्चारायचं, अशी तक्रार डॉक्टरांनी केली. मला ती रास्त वाटते.

आता हे चालतं कसं? गर्भात पेशींना एकमेकींकडून निरोप लागतो, किती वाढायचं, काय व्हायचं याचा. हेजहॉग हा असाच एक निरोप. ज्या पेशीला तो मिळायचा, तिच्याकडे दोन प्रथिनं असतात, पॅच्ड आणि स्मूदन्ड. स्मूदन्ड म्हणजे टिपरू उगारून तयार असलेला ढोलवाला समजा. पॅच्ड त्याला अडवून धरतं. हेजहॉग आला की तो पॅच्डलाच गुंतवतो, स्मूदन्ड मोकळा सुटतो, आणि पेशीच्या केंद्रकापर्यंत आवाज जातो. तिथे जी जनुकं जागी होतात, त्यांत खुद्द पॅच्डचंही जनुक असतं. म्हणजे ढोल सुरू होताच त्याला आवरणारे आणखी हात तयार व्हायला लागतात. वर्गात इथे मी नेहमी थांबायचे. मला स्वतःला या व्यवस्थेचं फार कौतुक आहे.

1996 साली दोन गटांनी दाखवलं की माणसातल्या गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक आजारात हेच जनुक बिघडलेलं असतं. मग 1997 मध्ये स्टॅनफर्डच्या मॅथ्यू स्कॉट यांच्या प्रयोगशाळेने उंदरात ते मुद्दाम मोडलं. आईकडची आणि बापाकडची, दोन्ही प्रती मोडल्या तर पिल्लू जन्मालाच येत नाही. नवव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भ मरतो. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून बनतात, ती बंदच झालेली नसते. एकच प्रत मोडली तर उंदीर जगतो. नेहमीपेक्षा थोडा मोठा होतो, एखाद्याला जादा बोट असतं. आणि त्यांतल्या काही उंदरांना लहान मेंदूत गाठ होते, मेड्युलोब्लास्टोमा. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कॅन्सरांमधला हा नेहमी आढळणारा प्रकार.

गाठ लहान मेंदूतच का? पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचा लहान मेंदू अपुरा असतो. वरच्या थरातल्या पेशी जन्मानंतर दोनेक आठवडे भराभर दुप्पट होत राहतात, आणि त्यांना तसं करायला सांगतो तो सॉनिक हेजहॉग. मग त्या थांबतात, आत सरकतात, चेतापेशी बनतात. माणसाच्या बाळात हे पहिल्या वर्षापर्यंत चालतं. पॅच्ड कमी पडलेल्या उंदरात काही पेशी थांबतच नाहीत. विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, ‘‘आमच्या हातून काही खाण्यापिण्यात चुकलं का?’’ नाही. त्या पेशी बाळाच्याच होत्या आणि बाळाचंच काम करत होत्या, वेळ संपल्यावरही.

औषधाची कथा मेंढ्यांपासून येते. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं जन्मू लागली. शोध घेतला तेव्हा कळलं, मेंढी गाभण असताना चौदाव्या दिवसाच्या आसपास तिने एक रानटी वनस्पती खाल्लेली असायची. मेंढी ठणठणीत, कोकरू असं. त्या वनस्पतीतल्या द्रव्याला सायक्लोपामाइन हे नाव पडलं. पुढे 1996 मध्ये सॉनिक हेजहॉग नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांचाही चेहरा एकडोळ्या! सायक्लोपामाइन हाच निरोप अडवतं, स्मूदन्डला बसवून. मग त्याच जागी काम करणारं व्हिस्मोडेजिब हे औषध बनलं आणि 2012 च्या जानेवारीत अमेरिकेत त्वचेच्या एका कॅन्सरसाठी मंजूर झालं.

‘‘मग तेच औषध द्या ना!’’ विद्यार्थी म्हणाला. कोणीही म्हणेल. पण उंदराने आधीच उत्तर दिलं होतं. 2008 मध्ये लहान पिल्लांना अशा औषधाच्या थोड्याच मात्रा दिल्या, तर त्यांच्या हाडांची वाढ कायमची बिघडली. हाडाच्या टोकाशी वाढीची जी कूर्चा असते, तिला तिसऱ्या भावंडाचा, ‘इंडियन हेजहॉग’चा निरोप लागतो. तोही पॅच्डकडेच येतो. (हे नाव गेममधलं नाही. खऱ्या प्राण्याचं आहे, आपल्या कच्छ-राजस्थानच्या कोरड्या भागात तो राहतो.) पुढे काही मुलांना हे औषध दिलं, तेव्हा त्यांच्या हाडांची टोकं वेळेआधीच जुळली आणि औषध थांबवूनही ती उघडली नाहीत. म्हणून ते आता हाडांची वाढ पूर्ण झालेल्यांसाठी राखून ठेवतात. अडीच वर्षांच्या मुलीला नाही.

राहिलं रेडिएशन. पॅच्डची एक प्रत मोडलेल्या नवजात उंदरांवर किरण सोडले तर गाठींचं प्रमाण कितीतरी वाढतं. गॉर्लिन असलेल्या मुलांत किरण दिलेल्या जागी काही वर्षांनी त्वचेचे कॅन्सर उगवतात. म्हणून आधी शोधायचं, की जनुकातली चूक फक्त गाठीत आहे की मुलीच्या सगळ्या शरीरात. डॉक्टरांनी आईबापांचंही रक्त घेतलं. चूक बापाकडची निघाली. पंचविशीत त्याच्या जबड्यातल्या दोन गाठी दाताच्या डॉक्टरांनी काढल्या होत्या. ती या आजाराची खूण असते, पण तेव्हा कोणी दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. मुलीला किरण न देता केमोथेरपी दिली. ती आता साडेपाच वर्षांची आहे, दर सहा महिन्यांनी स्कॅन असतो, आणि बाप उन्हात जाताना टोपी विसरत नाही. परवा तो विचारत होता, धाकट्याचं रक्त कधी तपासायचं? मी म्हटलं, उद्याच डॉक्टरांना विचार.

आरतीला अजून दहा मिनिटं आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर संकोच करू नका.