तात्या विंचू निवडून कसा येतो

(गोंदिया येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत विषय 'निवडणूक आणि गणित' असा भारदस्त छापलाय. त्यामुळे पुढच्या रांगेत निरनिराळ्या पक्षांची मंडळी शेजारी-शेजारी बसलेली दिसतात. त्यांची निराशा होणार. मी बोलणार आहे सिनेमातल्या त्या बाहुल्यावर, तात्या विंचूवर. (हशा)

आमच्या वाचनालयातली पोरं सुट्टीत स्पर्धा घेतायत: मराठीतलं सगळ्यांत आवडतं पात्र कोणतं? पुस्तकातलं, नाटकातलं, सिनेमातलं, कोणतंही चालेल. मी जन्मभर गणित शिकवलं, म्हणून नियम विचारायला माझ्याकडे आली. मी म्हटलं, पात्रं नंतर ठरवा. मत कसं घेणार ते आधी सांगा, मग कोण जिंकेल ते मी सांगतो.

समजा, एका माणसाला एक मत. मतदार 100. आकडे माझ्या मनातले आहेत. पुलंचे चाहते 60, पण पुलंनी एकच माणूस थोडाच लिहिलाय? अंतू बर्व्याला 17, नारायणला 16, हरितात्याला 14, सखाराम गटणेला 13. फास्टर फेणेला 18. आणि तात्या विंचूला 22. झाला ना तात्या विजयी! साठ माणसं पुलंवर जीव टाकणारी आणि हार पडतो बाहुल्याच्या गळ्यात. पुढच्या रांगेतले हसतायत, त्यांना हे गणित माझ्यापेक्षा चांगलं येतं. (हशा, टाळ्या)

पोरं म्हणाली, मग बाद पद्धतीनं सामने लावू. दोघांची लढत, हरला तो घरी. ऐकायला न्याय्य वाटतं. आता एक घर घ्या. आजीला चिमणराव पहिला, मग फेणे, मग बोक्या सातबंडे. बापाला फेणे, बोक्या, चिमणराव. नातवाला बोक्या, चिमणराव, फेणे. चिमणराव फेणेला हरवतो, फेणे बोक्याला हरवतो आणि बोक्या चिमणरावाला हरवतो. प्रत्येक लढत दोन विरुद्ध एक, वहीत मांडून बघा. मग जिंकतो कोण? ज्याला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली तो! म्हणजे निकाल सामने लावणाऱ्याच्या हातात. काँदोर्से नावाच्या फ्रेंच गृहस्थानं हे 1785 साली लिहून ठेवलंय, आपण अजून भाग्यपत्रिका काढतोय.

एसएमएसच्या मतदानावर मी फार बोलणार नाही. 2005च्या मार्चमध्ये 'इंडियन आयडॉल'च्या शेवटच्या फेरीत मुंबईचा अभिजीत सावंत आणि भिलाईचा अमित साना होते. आपलं गाव मुंबई आणि भिलाईला जोडणाऱ्या रेल्वेच्या रुळावर, त्यामुळे इथे घराघरांत दोन पक्ष झाले होते. जिथे मताला पैसे पडतात तिथे आवड मोजली जाते की बॅलन्स, हे तुम्हीच ठरवा. तोच अभिजीत 2024ला 'बिग बॉस मराठी'त सूरज चव्हाणच्या मागे दुसरा आला. पुढे जाऊ.

पसंतीक्रम तुम्हाला माहीतच आहे. सभागृहात शिक्षक आणि पदवीधर मतदार भरपूर दिसतात. विधान परिषदेच्या मतपत्रिकेवर जांभळ्या स्केचपेननं 1, 2, 3 लिहून आलेले. 1969ला वराहगिरी व्यंकट गिरी राष्ट्रपती झाले ते दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर, आणि तिसऱ्या क्रमांकावर आपले चिंतामणराव देशमुख होते. न्यूझीलंडमध्ये दरवर्षी लोक आवडता पक्षी निवडतात. 2020ला पहिल्या पसंतीत पुढे होता अल्बाट्रॉस आणि जिंकला काकापो पोपट. पद्धत चांगली आहे, पण वाचनालयातली पोरं बाद पात्रांच्या मतांचे गठ्ठे फेरीमागून फेरी हलवत बसणार का? मला विचाराल तर एकच उपाय आहे: जी जी पात्रं आवडतात त्या सगळ्यांवर खूण करा. दोन, पाच, दहा, कितीही. ज्याच्यावर जास्त खुणा तो पहिला. ब्रॅम्स आणि फिशबर्न या अमेरिकी अभ्यासकांनी 1978ला याची रीतसर मांडणी केली. पुलंचा चाहता चौघांवर खूण करेल, मतं फुटायचा प्रश्नच मिटला.

(श्रोत्यांतून : सर, मी एकावरच खूण केली तर?)

करा की. मनाई नाही.

(श्रोत्यांतून : मग जो बेरकी तो एकच करेल, साधा माणूस चार करून फसेल.)

हं. हे बोलायचं नव्हतं, पण आता विचारलंच आहे तर भंडाऱ्याला जावं लागेल. साल 1954. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच. आपला वेगळा जिल्हा 1 मे 1999चा. भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लागली होती. मतदारसंघ दोन सदस्यांचा, त्यातली एक जागा राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. राखीव जागेवर स्वतः बाबासाहेब आंबेडकर उभे, सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता. कार्यकर्त्यांचा हिशेब सरळ होता: एक मत बाबासाहेबांना द्या, दुसरं कुजवा. कारण दुसरं मत ज्याला पडेल तो वर चढणार. जुनी माणसं 'मत कुजवणं' हा शब्द अजून वापरतात. बाबासाहेबांनी ते मान्य केलं नाही. ज्या माणसानं घटना लिहिली, तोच लोकांना मत वाया घालवा म्हणून कसं सांगणार? निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडे गेली.

त्या प्रचारातल्या पायपिटीच्या, सभांच्या गोष्टी आमच्याकडे पिढ्यांनी ऐकल्यात. मागे बसलेल्यांपैकी काहींचे आजोबा त्या सभांना... अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं? पाच. बरं.

दोन सदस्यांचे मतदारसंघ 1961च्या कायद्यानं गेले. तेव्हा एकच खूण करण्याबद्दलची तुमची शंका खोटी नाही. पण तिथे दोनच मतं होती आणि खुर्चीची लढाई होती. इथे कोणी गटणेला मंत्री करत नाहीये. आपलं दुसरं आवडतं पात्र पाडण्यासाठी डोकं चालवणारा चाहता भेटला, तर मला भेटवा, मी त्याला चहा पाजेन. (एक आवाज : मीच आहे सर!) (हशा) तुम्हाला चहा नाही, तुम्ही माझे विद्यार्थी होतात.

बोर्डा नावाच्या गणितज्ञाची क्रमानुसार गुण देण्याची पद्धत राहिली, कोणतीच क्रमपद्धत निर्दोष नसते हा ॲरो या अर्थशास्त्रज्ञाचा 1951चा सिद्धांत राहिला. ॲरोचा तर माझ्याच विरोधात जातो असं एक सहकारी म्हणतात. तसं नाही, त्याचं म्हणणं क्रम लावण्याबद्दल आहे, खुणांबद्दल नाही, पण ते आता पाच मिनिटांत कसं सांगू?

शेवटचा प्रश्न त्या ताईंचा. बरोबरी झाली तर? विधानसभेला, लोकसभेला बरोबरी झाली तर कायद्यानं चिठ्ठीच काढतात. पोरांना मी सांगितलंय, चिठ्ठी काढू नका, दोघांनाही पहिलं म्हणा. आणि अध्यक्षमहाराज, माइक बंद करण्याआधी, मतपत्रिकेची झेरॉक्स वाचनालयाच्या खर्चानं काढायची की स्पर्धेच्या, हे अजून ठरायचंय.