ओल्या कागदावरची माणसं



मी काही चित्रकलेचा पंडित नाही. जे वाचलं, पाहिलं, ते साध्या भाषेत सांगतो.

एमिल नोल्डे हा जर्मन चित्रकार. १८६७ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मला. तरुणपणी फर्निचरच्या कारखान्यात लाकडावर कोरीवकाम करायचा. म्हणजे हातावर पोट असलेला माणूस. पुढे अभिव्यक्तिवादी चित्रकार म्हणून त्याचं नाव झालं. अभिव्यक्तिवाद म्हणजे काय? माणूस दिसतो तसा न काढता, त्याच्या आत जे पेटलंय ते रंगात आणायचं. चेहरा हिरवा होईल, केस लालभडक होतील, पण आतली कळ खरी दिसली पाहिजे.

त्याची जलरंगातली छोटी छोटी माणसं फार गाजली. शोषून घेणारा जपानी कागद ओला करायचा आणि त्यावर रंग सोडायचा. रंग आपल्या मनाने पसरे. त्या डागांतून त्याला चेहरे दिसत. मग वरून शाईच्या रेघा मारायचा.

१९३७ साली नाझी सरकारने म्युनिकला 'अधःपतित कला' नावाचं प्रदर्शन भरवलं, तेही टिंगल करण्यासाठी! त्यात नोल्डेची चित्रं होती. संग्रहालयांतून त्याच्या हजारावर कलाकृती काढून घेतल्या. १९४१ साली त्याच्यावर व्यवसायबंदी आली. युद्धानंतर जगाला सांगितलं गेलं, की त्याला चित्र काढायचीच बंदी होती आणि ही माणसं त्याने चोरून रंगवली. अशी कहाणी आपल्यासारख्यांना लगेच पटते.

पण कागदपत्रं वेगळंच बोलली. बंदी विकण्यावर आणि प्रदर्शनावर होती, घरी रंगवण्यावर नव्हती. शिवाय हा गृहस्थ १९३४ पासून स्वतःच नाझींच्या पक्षात! ज्यूंचा द्वेष करणारा. ज्यांनी चित्रं उतरवली, त्यांच्यावरची त्याची निष्ठा युद्ध संपेपर्यंत सुटली नाही. २०१९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे सगळं पुराव्यानिशी मांडलं गेलं. त्याच वर्षी तेव्हाच्या चॅन्सेलर अँजेला मर्केल यांनी आपल्या कार्यालयातली त्याची चित्रं काढून टाकली.

मग चित्रं जाळायची काय? नाही. ते काम नाझींनी केलं, आपण करायचं नाही. चित्र डोळे भरून बघा, पण शेजारी खरी हकीकत लिहा. अन्याय सोसला म्हणून माणूस आपोआप न्यायी होत नाही. छळ झालेला माणूससुद्धा दुसऱ्याच्या छळाला टाळ्या वाजवू शकतो. हे आपणही आपल्या मनाला विचारून पाहावं.